फ्रीगंजातल्या भिंती आणि राख-मातीचा रंग

आपल्या भागातून उज्जैनला जाणारी मंडळी जातात ती महाकालासाठी. पुण्याला गाडी बदलायची, इंदूरकडे जाणारी गाडी धरायची, उज्जैनला उतरून देवास गेटच्या अंगाने बाहेर पडायचे आणि रिक्षा करून थेट मंदिर गाठायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकचा परिसर खुला झाल्यापासून तर ही गर्दी आणखी वाढली. दर्शन, रामघाटावर क्षिप्रेचे पाणी डोळ्यांना लावणे, काळभैरव, वेळ उरला तर सांदीपनी आश्रम आणि दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर. एवढे झाले की उज्जैन पाहिले असे समजून आपण परततो. रेल्वे रुळांच्या दुसऱ्या अंगाला जे उज्जैन आहे तिकडे यात्रेकरू फारसे फिरकत नाहीत. त्या उज्जैनचे नाव फ्रीगंज.

पुलावरून पलीकडे उतरले की गावाचा चेहराच बदलतो. जुन्या शहरातल्या गल्ल्या वळणावळणाच्या, तर इथले रस्ते फूटपट्टी लावून आखल्यासारखे सरळ आणि रुंद. मधोमध टॉवर चौक, तिथला घड्याळाचा मनोरा, जवळच शहीद पार्क. सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरून देणाऱ्या गाड्या आणि शेजारी कढईत जिलबी. कापड, भांडी, पुस्तके, औषधे, रंग, सगळ्याची दुकाने. माधवनगर हे याच वस्तीचे दुसरे नाव, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांवरून पडलेले. नवी पेठ भरावी म्हणून व्यापाऱ्यांना इथे कर माफ होता, म्हणून हे ‘फ्री’गंज, असे तिथली जुनी माणसे सांगतात.

मराठी माणसाला इथे परके वाटत नाही. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले, बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर बांधले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण मागे राहिलेली मराठी घरे राहिली ती राहिलीच. फ्रीगंजात दारावरच्या पाट्या वाचत चालले तर मधूनच एखादे कुलकर्णी, एखादे जोशी भेटते. त्यांचे मराठी ऐकायला गंमत वाटते. ‘काम होऊन गेले’ असे न म्हणता ते ‘काम निपटले’ म्हणतात. आपण तरी काय, ‘जेवून सोडलो’ म्हणणारी माणसे. सीमेवरच्या माणसाने दुसऱ्या सीमेवरच्या माणसाला हसू नये.

माझी एक मावशी बेळगावच्या शहापुरातून लग्न होऊन या फ्रीगंजात गेली, त्याला पन्नासहून जास्त वर्षे झाली. ती मुलाशी मराठी बोलते, भाजीवाल्याशी माळवी बोलते आणि रागावली की कन्नड बोलते. घर जुने, जाड भिंतींचे, चुन्याच्या गिलाव्याचे. पुढे ओसरी, मग उत्तरेकडे तोंड केलेली बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि मोरी, खाली कोटा फरशी. बैठकीच्या भिंतींना गेली कित्येक वर्षे फिकट पिस्त्याचा हिरवा डिस्टेंपर होता, तोही काकांनी निवडलेला. काका गेले, डिस्टेंपरचे पोपडे सुटू लागले. २०२८ सालचा सिंहस्थ जवळ येत चालला आहे, त्या वेळी गावोगावचे पाहुणे उतरणार, तेव्हा घर एकदा नीट रंगवून घ्यावे असे मावसभावाच्या आणि वहिनीच्या मनात आले. दसऱ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेले तेव्हा घरात हा एकच विषय चालू होता.

वहिनीने रंग आधीच ठरवला होता. शेडकार्डावर तिने बोट ठेवलेला रंग राखाडी म्हणावा तर राखाडी नव्हता आणि बदामी म्हणावा तर बदामीही नव्हता. दुकानदाराने त्याला ‘ग्रेज’ म्हटले. इंग्रजीतला ग्रे आणि बेज हे दोन शब्द एकत्र करून हे नाव झाले असे तो म्हणाला आणि आज बहुतेक लोक तसेच समजतात. शब्द मात्र त्याहून जुना आहे. फ्रेंचमध्ये ‘ग्रेज’ म्हणजे कच्चे रेशीम, न धुतलेले, न रंगवलेले. तिथून तो कापडाच्या धंद्यात आला. आपल्या वडगाव-खासबागेत किंवा इचलकरंजीत मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला ‘ग्रे’ म्हणतात ना, त्या ‘ग्रे ताग्या’चे मूळ हेच. राखाडी नसलेल्या कापडाला ग्रे का म्हणतात, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना हे उत्तर. उज्जैनलाही एके काळी कापडगिरण्या होत्या. त्यांचे भोंगे बंद झाले, पण तिथल्या म्हाताऱ्या कामगाराला मांजरपाटाचा तो रंग लगेच ओळखू येईल. पुढे जॉर्जो अरमानी या इटालियन वस्त्रकाराने, ज्याचे २०२५ मध्ये निधन झाले, हा रंग अंगावरच्या कपड्यांत मानाचा केला. मग तो घरांच्या भिंतींवर चढला आणि आता जगभरच्या हॉटेलांत, दवाखान्यांत, नव्या फ्लॅटांत सगळीकडे तोच दिसतो.

मावशीला हे काही सांगायची सोय नव्हती. शेडकार्ड डोळ्यांजवळ धरून तिने विचारले, “बूदी बण्ण याक?” राखेचा रंग कशाला? नवे घर करायचे आणि भिंतीला राख फासायची, हे तिला पटेना. मावसभावाने तिला समजावले, की आई, महाकालाच्या गावात राख अशुभ कशी? मावशी म्हणाली, “देवाला भस्म देवळात. माझ्या बैठकीत नको.”

तरी काम सुरू झाले. मावसभावाने एक लिटरचा डबा आणून हिरव्या भिंतीवर मधोमध हातभर चौकोन रंगवून पाहिला. सगळ्यांना आवडला. उबदार, किंचित गुलाबीकडे झुकणारा, दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तसा. मग पूर्ण खोलीचा रंग आला, रंगाऱ्याने दोन हात दिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खोली शेवाळलेली. आजारी माणसाच्या चेहऱ्यावर येते तशी हिरवट छटा. दुकानदाराने चुकीचा डबा दिला असेल म्हणून नंबर ताडून पाहिला, तो बरोबर होता.

चूक कोणाचीच नव्हती, डोळ्यांनी डाव साधला होता. हिरव्याच्या शेजारी कोणताही करडा रंग ठेवला की तो तांबूस दिसतो. आपले डोळे रंग सुटा बघत नाहीत, शेजारच्या रंगाशी तोलून बघतात. गौरीच्या हिरव्या साडीशेजारी ठेवलेले फिकट जर्दाळू रंगाचे ब्लाउजपीस दुकानात उठून दिसते आणि घरी एकटे पाहिले की मलूल वाटते, हा अनुभव बायकांना नवा नाही. चौकोन पिस्त्याच्या भिंतीवर होता तोवर गुलाबी दिसला. पिस्ता झाकला गेला आणि तो गुलाबीपणाही गेला.

दुसरे कारण पायाखाली होते. कोटा फरशीचा रंग मुळातच हिरवट करडा. दारातून येणारा उजेड आधी फरशीवर पडतो आणि तिथून उसळून भिंतीवर जातो, जाताना फरशीचा रंग घेऊन जातो. गडद रंगाच्या भिंतीवर हे कळत नाही. ग्रेजसारख्या मुका राहणाऱ्या रंगावर लगेच कळते. आपल्याकडे खानापूरच्या बाजूला तांबड्या मातीचे अंगण किंवा तांबड्या टाइल्स असतील तर तोच डबा गुलाबी दिसेल. शहाबादी फरशीवर तो निळसर थंड दिसेल. समोर आंब्याचे मोठे झाड असेल तर चारही महिने पावसात खोली हिरवी. म्हणून मैत्रिणीच्या घरी चांगला दिसला म्हणून तोच नंबर आपल्या घरी आणण्यात अर्थ नाही. तिची फरशी आणि तिचे अंगण आपल्या घरी येत नाही.

तिसरे कारण मात्र डब्यातच होते. रंगाच्या दुकानात यंत्राखाली डबा ठेवून जे थेंब सोडतात त्यांत ग्रेजसाठी मुख्यतः तीनच नळ्या लागतात. पांढऱ्या बेसमध्ये काळा, पिवळा ऑक्साइड आणि तांबडा ऑक्साइड. काळा आणि पिवळा मिळून हिरवट रंग होतो, हे चित्रकलेच्या तासाला ज्याने पाण्याचा डबा गढूळ केला आहे त्याला आठवेल. ती हिरवट मारायला तांबडा हवा. तांबडा कमी पडला तर ग्रेज शेवाळतो, जास्त झाला तर मातकट गुलाबी होतो. शेडकार्डावरच्या पेरभर चौकोनात हे ओळखू येत नाही. एक युक्ती करावी. तो चौकोन शुद्ध पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि शेजारी त्याच कार्डावरच्या त्याच ओळीतला सर्वांत गडद रंग पाहावा. गडद रंग आपले कूळ लपवत नाही. तो शेवाळी असेल तर त्याचा फिकट भाऊही शेवाळीच.

हे तांबडे आणि पिवळे ऑक्साइड म्हणजे काही परदेशी नवलाई नव्हे. आपला गेरू, कन्नडातला केम्मण्णु, गोव्या-कारवारच्या देवळांवरची काव, ही सगळी लोहाच्या ऑक्साइडचीच रूपे. पिवळ्या मातीला उज्जैनकडे रामरज म्हणतात. याच उज्जैनला राहून काम केलेले विष्णू श्रीधर वाकणकर या मराठी माणसाने १९५७ साली भीमबेटकाच्या शैलाश्रयांतली चित्रे जगापुढे आणली. त्या चित्रांतही मुख्य रंग दोनच, गेरूचा तांबडा आणि पांढरा. हजारो वर्षांनंतरही ते दगडावर टिकून आहेत. यंत्रातल्या नळीत आहे ते कारखान्यात केलेले, एवढाच फरक.

आता उजेडाकडे येऊ, कारण या रंगाचे सगळे बरेवाईट तिथेच ठरते. आणि उजेड समजून घ्यायला उज्जैनसारखे गाव नाही. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा तिथे आजही पाहता येते. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवून घेतली. तिथे दक्षिणोत्तर भित्ती यंत्र नावाचे एक यंत्र आहे. यंत्र म्हणजे काय, तर उत्तर-दक्षिण उभी केलेली एक भिंत. भर दुपारी सूर्य आकाशात किती उंच आहे ते या भिंतीवर मोजत. शेजारच्या नाडीवलय यंत्राच्या दोन तोंडांपैकी एकावर सहा महिने ऊन असते आणि दुसऱ्यावर उरलेले सहा महिने. भिंतीची दिशा म्हणजे तिच्या वाट्याचा सूर्य, हे तिथे उभे राहिले की कोणालाही न शिकवता कळते.

कर्कवृत्त उज्जैनच्या थोडेसे उत्तरेकडून जाते. त्यामुळे जूनच्या मध्यापासून अखेरपर्यंतचे दोन-अडीच आठवडे सोडले तर तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडेच असतो. डिसेंबरात तो माध्यान्ही जेमतेम ४३ अंशांवर येतो. म्हणजे उत्तरेकडच्या खोलीला जवळपास वर्षभर दुपारचे थेट ऊन नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड. बेळगावची गोष्ट वेगळी. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पावसाचे ढग नसले तर उत्तरेच्या खिडकीतूनही दुपारी ऊन आत येते, हे मे महिन्यात पडदे ओढणाऱ्यांना माहीत आहे. फ्रीगंजातली उत्तरेची खोली आणि टिळकवाडीतली उत्तरेची खोली एकसारखी नव्हे.

निळसर उजेडात राखाडीचा थंडपणा वाढतो. म्हणून उत्तरेच्या खोलीला ग्रेज लावायचाच असेल तर कार्डावर जरा जास्त उबदार, बदामीकडे झुकलेला वाटेल असाच घ्यावा. तो भिंतीवर बरोबर दिसतो. पश्चिमेच्या खोलीला उलटे करावे. तिथे संध्याकाळचे पिवळे ऊन स्वतःच ऊब आणते, उबदार ग्रेज तिथे भाजल्यासारखा दिसेल. आणि रात्रीचे विसरू नये. ज्या घरात पांढऱ्या फटफटीत ट्यूब आहेत, ज्यांच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेले असते, तिथे कोणताही ग्रेज रात्री सिमेंटसारखा दिसणार. दिवे २७०० ते ३००० केचे, पिवळसर, घेतले की तोच रंग परत माणसात येतो. हजारो रुपयांचा रंग बदलण्याआधी दोन दिवे बदलून पाहावेत असे मी म्हणेन. वहिनीने ते केले. रात्रीपुरता प्रश्न निम्मा सुटला.

दिवसाचे राहिलेच. रंगारी अनुभवी होता. तो म्हणाला, “दीदी, दीवार को मत पूछो, फट्टे को पूछो.” त्याने दोन-दोन फुटांचे हार्डबोर्डचे तीन तुकडे आणवले, प्रत्येकावर वेगळ्या मिश्रणाचे दोन हात दिले आणि चारही कडांना दोन बोटे पांढरी जागा सोडली. ती पांढरी चौकट महत्त्वाची. तिच्यामुळे मागच्या भिंतीचा रंग डोळ्यांत भरत नाही. मग तीन दिवस ते तुकडे घरभर फिरत होते. सकाळी खिडकीशेजारी, दुपारी कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली, एकदा उभे, एकदा फरशीजवळ. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होते, तेव्हा ओल्या रंगावरून मत देऊ नका असेही त्याने बजावले.

आणि इथे मावशीची खरी अडचण बाहेर आली. एक तुकडा पाहून ती म्हणाली, ही राख. मग मान जराशी वळवून म्हणाली, नाही गं, ही माती. पुन्हा राख. वहिनीला वाटले म्हातारी खोडी काढते आहे. पण मावशीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, डाव्याचे अजून नाही. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा उजेड गाळून टाकते. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवतात. त्यामुळे उजव्या डोळ्याला तो रंग निळसर राखाडी दिसत होता आणि डाव्याला पिवळसर. आपण ज्या रंगावर एवढा वाद घालत होतो तो तिच्या एकाच चेहऱ्यावर दोन होता. तिने हे कधी सांगितले नव्हते, कारण सगळ्यांनाच असे दिसते अशी तिची समजूत.

मग प्रश्न नुसता आवडीनिवडीचा राहिला नाही. वहिनीच्या मनात भिंती, दारे, चौकटी, खिडक्या, सगळे एकाच ग्रेजमध्ये करायचे होते. मासिकातल्या चित्रांत तसे असते आणि चित्रात ते सुंदर दिसते. पण चित्रातल्या घरात डोळे अधू झालेले माणूस राहत नाही. वय झाले की रंगाआधी उठाव कमी दिसू लागतो. भिंत कुठे संपली, दार कुठे सुरू झाले, उंबरा किती उंच आहे, हे सारे रंगांच्या फरकावरून कळते. मावशी रात्री दिवा न लावता मोरीकडे जाते. हिरव्या भिंतीत तपकिरी चौकट तिला दिसायची. सगळे एकरंगी केले असते तर तिला स्वतःच्याच घरात चाचपडावे लागले असते. पडून खुब्याचे हाड मोडले की या वयात काय होते ते आपण घरोघर पाहिले आहे.

तेव्हा असे ठरले. भिंतींना तीन तुकड्यांतला सर्वांत उजळ ग्रेज, तांबडा ऑक्साइड थोडा वाढवलेला. काही कंपन्या शेडकार्डावर रंग किती उजेड परत देतो त्याचा आकडा छापतात, शंभरपैकी. पांढरा पंच्याऐंशीच्या घरात असतो. अंधाऱ्या खोलीला साठाच्या वरचाच घ्यावा, त्याखाली गेले की दिवसा दिवे लावावे लागतात. चौकटी आणि दारे जुन्याच गडद तपकिरी तेलरंगात. छताला दुधी पांढरा, निळ्या झाकेचा नव्हे. उंबऱ्याच्या आणि मोरीच्या पायरीच्या कडेला गेरूच्या रंगाची चार बोटे रुंद पट्टी. दिव्यांच्या बटणांमागे गडद पाट्या. वहिनीला बटणांच्या पाट्या पसंत नव्हत्या, अजूनही नाहीत. पण मावशी आता न चाचपडता बटण दाबते, म्हणून ती बोलत नाही.

मागच्या बाजूची गोष्ट निराळी. स्वयंपाकघराची मोरीकडची भिंत खालून ओल धरते. तिथेही तेच इमल्शन मारू असे मावसभाऊ म्हणत होता. रंगाऱ्याने नकार दिला आणि तो बरोबर होता. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेली ओल ती हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर लांबी भरून प्लॅस्टिक रंगाचे कातडे चढवले की ओल आत कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत फोड येऊन पापुद्रे पडतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांत हजारो रुपये घालून असे पापुद्रे विकत घेतलेले मी पाहिले आहेत. ज्या भिंती कोरड्या आहेत तिथेही जुना डिस्टेंपर आणि सुटलेला चुना पत्र्याने पूर्ण खरवडून, पॉलिशपेपर मारून, मगच प्रायमर द्यावा. भुकटीवर लावलेला रंग भुकटीसकट येतो.

मग मागच्या भिंतीला चुनाच. पण पांढरा नको, पुढच्या खोलीशी जुळला पाहिजे. रंगाऱ्याने बादलीत भिजवलेला चुना गाळून घेतला, त्यात रामरज, चिमूटभर गेरू, थोडी काजळी आणि डिंकाचे पाणी. बादलीतला रंग चांगलाच गडद दिसत होता. मावशी घाबरली. तो म्हणाला वाळू द्या. चुना इमल्शनच्या उलट, वाळला की फिका होतो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर जो रंग उतरला तो पुढच्या खोलीतल्या महागड्या डब्याचा सख्खा भाऊ होता. खर्च डब्याच्या मानाने नगण्य.

तो पाहून मावशी पहिल्यांदा मनापासून बोलली. शहापुरात तिच्या आईच्या स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत अशीच असायची. माती, शेण आणि चुलीतली राख कालवून तिची आई दर अमावास्येच्या आधी ती सारवायची. तिला बूदी बण्ण म्हणत नसत, मण्णिन गोडे म्हणत, मातीची भिंत. आपल्या लिंगायत शेजाऱ्यांकडे देव्हाऱ्यात विभूतीची गट्टी असते, तिचा रंगही आठवून पाहा. शेणाच्या राखेची, पण पांढरी नाही आणि काळीही नाही. माळव्यात पितृपंधरवड्यात मुली भिंतीवर शेणाची संजा काढून तिला फुले लावतात, आपल्याकडच्या हादग्याची बहीणच ती. मी गेले तेव्हा अमावास्या होऊन गेली होती, पण शेजारच्या गल्लीत एका भिंतीवर तिची पुसट खूण अजून होती. त्या भिंतीचा रंग वहिनीला दाखवला. तिने मोबाइलवर फोटो काढला.

माझे स्वतःचे मत विचाराल तर हा रंग घरातल्या एका-दोन खोल्यांना शोभतो. सगळे घर त्यातच बुडवले की ते लॉजसारखे दिसते आणि येणाऱ्याला वाटते की घरचे लोक कुठेतरी बाहेर गेले आहेत. त्याच्यावर काहीतरी हवे. तांब्याची घागर, इरकल साडीचा गर्भरेशमी लाल पदर उशीच्या अभ्र्याला, लाकडाचा काळा पडलेला पाट, भैरवगडच्या ठशांची चादर. ही उज्जैनजवळची छपाई, आपल्याकडे फारशी माहीत नाही, फ्रीगंजात आलात तर अवश्य बघा. ग्रेज स्वतः बोलत नाही, दुसऱ्याला बोलू देतो. घरात बोलण्यासारखे काही नसेल तर मग सरळ पिवळा लावावा.

आपल्याकडे रंग काढायचा विचार करणाऱ्यांना एक-दोन गोष्टी आणखी सांगते. पाऊस संपून भिंती चांगल्या वाळल्याशिवाय हात लावू देऊ नका. आपल्याकडचा पाऊस उज्जैनच्या मानाने जास्त, आपल्या भिंती वाळायलाही जास्त दिवस घेतात. दिवाळीची घाई करू नये. एका खोलीला लागणारे सगळे डबे एकदम घ्यावेत आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांत केसभर फरक असतो आणि ग्रेजवर तो केसही दिसतो. थोडा रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवावा आणि नंबर, बेस, तारीख हे सारे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहावे. घरी पंच्याहत्तरीपुढचे कोणी असेल तर निवडलेले तुकडे त्यांना एकेक डोळा झाकून दाखवावेत.

फ्रीगंजातल्या त्या घराच्या बाहेरच्या भिंतींचे मात्र अजून ठरलेले नाही. वहिनीला तिथेही ग्रेज हवा, मावशी म्हणते रस्त्यावरची धूळ त्याच रंगाची आहे, वेगळा खर्च कशाला. मावसभाऊ दोघींमध्ये पडत नाही. रंगाऱ्याने पुढच्या पावसाळ्यानंतरची तारीख दिली आहे.